तळे, शहर आणि आम्ही

“रविवारी त्यांच्याकडे काहीही बोला, बाबा. हवेवर बोला, गुडघेदुखीवर बोला. फक्त ते नाव आधी कुणाचं, एवढा एक विषय काढू नका,” ताटावरून उठता उठता लेकीने सांगितले.

“कुठलं नाव?” आईने विचारले.

“एकच तर आहे. तेच दुखणं आहे ना.”

लेक ज्या घरात जाऊ पाहत होती, ते कुटुंब मूळचे दूरच्या डोंगरांतल्या एका तळ्याकाठचे. त्या तळ्याचे जे नाव, तेच काठावरच्या शहराचे, आणि तेच त्या मुलुखात पिढ्यान् पिढ्या राहत आलेल्या लोकांचे. जगात असे पुष्कळ ठिकाणी असते आणि त्यापायी कोणाची झोप उडत नाही. या घरात मात्र तीन वडीलधारी माणसे होती आणि तिघांनी तीन टोके धरून ठेवली होती. मुलाचे आजोबा गुरांचे डॉक्टर; उभी हयात वाडी-वस्त्यांतून चिखल तुडवीत गेलेली. त्यांच्या मते नाव आधी लोकांचे, कारण पाण्याला नाव ठेवायलाही आधी तोंड लागते. त्यांची धाकटी बहीण, जिला लहानथोर सारे आत्याबाई म्हणत, धक्क्यावर बसून होड्यांची तिकिटे फाडीत म्हातारी झालेली. तिच्या मते तहान आधी लागते आणि बोलणे नंतर सुचते, तेव्हा नाव तळ्याचेच. मुलाचे वडील रस्त्यावरच्या दिव्यांचे निरीक्षक होते. शहर नसते तर हे नाव बाहेरच्या जगात कोणी ऐकले असते, असे ते शांतपणे विचारीत, आणि शांतपणे विचारलेला प्रश्न भांडणापेक्षा जास्त झोंबतो.

मुलाची आई तो लहान असतानाच गेली होती. त्याला या तिघांनी वाढवले. तिघेही आपापसांत प्रेमाने राहत. पण बाहेरच्या माणसाने यांतल्या एकाची बाजू घेतली की उरलेल्या दोघांच्या मनातून तो उतरत असे, कायमचा. मुलाच्या चुलतभावाचे जमत आलेले लग्न असेच फिसकटले. मुलीचे वडील सहज म्हणाले, “म्हणजे तुम्ही त्या शहरातले.” आत्याबाईंचा कप ओठांपर्यंत गेला होता तो तिथेच थांबला, आणि आजोबा सकाळी अकरा वाजता दुपारच्या झोपेला उठून गेले.

“आजोबांनी हो म्हटल्याशिवाय त्या घरात पान हलत नाही,” लेक म्हणाली. “आणि मला तोच हवाय, बाबा. तो त्यांना दुखवून माझ्याशी लग्न करेलही. पण मग जन्मभर अर्धाच हसेल. मला अर्ध्यावर भागवायचं नाही.”

लेकीचे वडील नकाशे छापणाऱ्या कार्यालयात नोकरीला होते आणि नकाशावर नावे बसवणे हे त्यांचे काम होते; म्हणून सहकारी त्यांना नावाडी म्हणत. डोंगर दुसरा कोणी काढी, नद्या तिसरा कोणी. नावाडी मात्र त्या मुक्या प्रदेशापाशी सकाळी येऊन बसत आणि संध्याकाळपर्यंत त्याला बोलते करून घरी जात. स्वतः बोलण्याच्या बाबतीत त्यांचा आनंदी आनंदच होता. सांत्वनाला गेले तर अभिनंदन करून येत.

“मी बोलतच नाही,” ते लेकीला म्हणाले. “मी त्यांना नकाशा करून नेतो. त्यांच्या मुलुखाचा. तिन्ही नावं त्यावर, तिन्ही सारखी. कागदावर माझ्या हातून चूक होत नाही.”

“तोंडातनं होते तेवढी पुरे आहे,” बायको म्हणाली. पण कल्पना तिलाही आवडली, हे तिने त्यांच्या पानात न मागता भात वाढला त्यावरून कळले.

नकाशावरच्या नावांना एक वर्णव्यवस्था असते, आणि तिच्यात समानता बसवणे किती कठीण हे नावाड्यांना पहिल्याच संध्याकाळी कळले. पाण्याचे नाव निळ्या, कलत्या अक्षरांत, जणू त्यावरून वारा चालला आहे. शहराचे नाव काळे, ताठ, ठसठशीत. आणि लोकांचे नाव करड्या रंगात, एकेक अक्षर दूर दूर टाकून, कारण लोक एका जागी नसतात. त्यांचे नावही त्यांच्यासारखेच डोंगरांतून विखरून चालले पाहिजे. एकाच मापाची अक्षरे घेतली तरी काळे निळ्यापेक्षा मोठे दिसे आणि करडे दोघांपुढे ओशाळल्यासारखे वाटे. नावाड्यांनी करडे थोडे वाढवले. मग निळे अंग चोरून बसल्यासारखे दिसू लागले. निळे वाढवले, तर शहर रुसले. घरातली तीन नाती सांभाळणाऱ्या सुनेसारखे ते चार दिवस या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होते, आणि पाचव्या दिवशी केव्हातरी कागदावर शांतता नांदली.

शुक्रवारी त्यांनी तो तक्ता कार्यालयात नेला. निव्वळ मोठ्या दिव्याखाली एकदा पाहावा म्हणून. पाहून झाला आणि ते हात धुवायला गेले. परत आले तेव्हा टेबलापाशी तपासनीस समाधानाने उभे होते.

“वाचलात,” तपासनीस म्हणाले. “एकच नाव तीनदा पडलं होतं. मी दोन काढून टाकली.”

नावाडी खुर्चीत बसले. “कुठली दोन?”

“आता तीच नावं ती. कुठली का असेनात.”

नावाड्यांनी त्यांना सारी हकीकत सांगितली. तपासनिसांनी ती गांभीर्याने ऐकून घेतली, केराच्या टोपलीतून निळी पट्टी आणि करडी अक्षरे स्वतः शोधून दिली आणि वर म्हणाले, “मेणावर आहेत म्हणून निघाली अलगद. उद्या सोयरीक मोडली तरी अशीच काढता येतील.”

हे मेणाचे प्रकरण त्या कार्यालयाचे जुने व्रत होते. गावे हलतात, नद्या कूस बदलतात, कालचे नाव आज कोणाला नको असते. म्हणून तिथे कोणतेही नाव गोंदाने चिकटवीत नसत. पारदर्शक पट्टीच्या पाठीवर मेणाचा पातळ हात फिरवून ती कागदावर नुसती दाबून ठेवायची. छापून झाले की मूळ तक्ता कपाटात, आणि नावे उद्याच्या बदलाला मोकळी. नावाड्यांच्या बोटांना दुसरी रीत ठाऊकच नव्हती. हा तक्ता छापायचा नाही, तो एका भिंतीवर जन्मभर टांगायचा आहे, हा विचार त्यांच्या डोक्यात आला असेलही. बोटांपर्यंत तो पोचला नाही. त्यांनी तिन्ही नावे पुन्हा मेणावर बसवली, चौकटवाल्याकडून काच लावून घेतली आणि शनिवारी रात्री निर्धास्त झोपले.

रविवारी भर दुपारी तिघे बसने निघाली. खिडकीजवळच्या बाकावर ऊन सरळ मांडीवर पडत होते.

“आडवी ठेवा हो ती चौकट,” बायको म्हणाली. “हात अवघडतील.”

“आडवी ठेवली तर उत्तर दिशा समोर जाते.”

“जाऊ दे ना. तळ्याला काय कळतंय?”

“मला कळतं,” नावाडी म्हणाले आणि तपकिरी कागदात गुंडाळलेली चौकट त्यांनी उत्तर वर धरून, मांडीवर उभी, उन्हात, अख्खा प्रवासभर सांभाळली. काच तापली. मधेच एकदा त्यांना पुसटसा ओळखीचा वास आला, कार्यालयात दुपारी येतो तसा. त्यांना वाटले, आपल्याच हातांना येत असेल.

मुलाचे घर नीटनेटके होते. बैठकीत एक लांब सोफा, पुढे तितकेच लांब टेबल, आणि तिघे वडीलधारे एकाच ओळीत बसलेले, एखाद्या परीक्षकमंडळासारखे. मुलगा दाराजवळ उभा होता. त्याने लेकीकडे पाहून हसायचा प्रयत्न केला आणि ते हसू खरोखरच अर्धे निघाले.

हवेवर बोलून झाले. गुडघ्यांवर बोलून झाले. आत्याबाईंचा डावा, आजोबांचे दोन्ही. मग बोलण्याजोगे काही उरले नाही, तेव्हा नावाडी उठले.

“आमच्याकडून एक लहानशी भेट,” ते म्हणाले. हे वाक्य लेकीने त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतले होते. त्यांनी तपकिरी कागद काढला आणि चौकट टेबलावर उभी केली. स्वतः ती पाठीमागून धरून उभे होते, त्यामुळे त्यांना तिघांचे चेहरे तेवढे दिसत होते.

चेहऱ्यांवर काहीच उमटले नाही. मग आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. आत्याबाई पुढे झुकल्या.

“तळं आहे आपलं,” त्या सावकाश म्हणाल्या. “पण हे नाव कुठं निघालंय त्याचं?”

नावाडी वळून पुढे आले. तळे जिथल्या तिथे होते, निळे आणि निनावी. त्याचे नाव कलत्या अक्षरांसह घसरत खालच्या डोंगराच्या अगदी शेंड्यावर जाऊन बसले होते, जिथे थेंबभर पाणी नव्हते. शहराचे ताठ नाव तसेच ताठ राहून दलदलीत उतरले होते. आणि लोकांची पाच अक्षरे, प्रत्येकाचे मेण वेगळे असल्याने, आपापल्या गतीने दक्षिणेला निघाली होती. तिघे जण चौकटीच्या खालच्या पट्टीवर पोचले होते, चौथे वाटेत थबकले होते, आणि पहिले अक्षर एकटेच काठाला धरून होते.

“ऊन,” नावाडी म्हणाले.

“आमच्या शहरात दलदल नाही,” मुलाचे वडील शांतपणे म्हणाले. “होती. भरून काढून तिथं दिवे लावलेत. मीच लावलेत.”

“अरे, तुझं नुसतं पाय भिजण्यावर भागलंय,” आत्याबाई म्हणाल्या. “माझं तळं बघ, डोंगरावर चढवलंय.”

आजोबा नकाशाकडे पाहत राहिले. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांची नजर गेली, आणि नावाड्यांच्या बायकोला वाटले, आता हे झोपायला उठणार. लेकीने डोळे मिटून घेतले.

ज्या वेळी माणसाची जीभ लुळी पडते, त्या वेळी नशीब चांगले असेल तर हात धावून येतात. नावाड्यांनी चौकट टेबलावर आडवी ठेवली, मागचे खिळे वाकवून काच उचलली, आणि खिशातल्या पात्याच्या टोकाने निळी पट्टी अलगद सोडवली. ऊबदार मेण अजून मऊ होते. पट्टी पात्याच्या टोकावर थरथरत उभी राहिली.

“आत्याबाई,” ते म्हणाले, “मी कार्यालयातल्या नियमानं बसवली होती. तुम्ही सांगा, कुठं बसवू?”

आत्याबाईंना आयुष्यात कोणी असे विचारले नव्हते. त्या सोफ्यावरून उठून जमिनीवर, टेबलाच्या कडेशी बसल्या.

“इथं नको, इथं उथळ आहे. गाळ आहे नुसता. या कोपऱ्याला घ्या, इथं पाणी काळं आहे. थोडं कलतं करा अजून. सकाळचा वारा हा असा येतो.”

“आत्या, अशानं ते शहरावर येतंय,” मुलाचे वडील म्हणाले.

“येऊ दे. दर पावसाळ्यात येतंच की.”

मग तेही खाली बसले. शहर आता नदी ओलांडून पलीकडे गेले आहे, तेव्हा नावही थोडे पुढे सरकायला हवे, असे त्यांचे म्हणणे पडले. नावाड्यांनी सरकवले. ते म्हणाले, अजून थोडे, तिथे नवीन बारा खांब आहेत. आत्याबाई म्हणाल्या, त्यातले सात बंद आहेत. ते म्हणाले, बंद असले तरी शहरच आहे. मुलगा दार सोडून जवळ आला आणि गुडघ्यांवर हात टेकून पाहू लागला.

आजोबा अजून सोफ्यावरच होते. नावाड्यांनी करडी पाच अक्षरे पात्याने गोळा केली आणि तळहातावर घेऊन त्यांच्यापुढे धरली.

“तुम्हाला काय वाटतं, आमचे लोक कुठवर आहेत?” आजोबांनी विचारले.

लेकीचे डोळे उघडले. नावाड्यांनाही कळले की हा प्रश्न साधा नव्हे. पण ते कामात होते, आणि कामात असताना ते खोटे बोलत नसत.

“मला कसं ठाऊक असणार?” ते म्हणाले. “मी तर तिथं गेलोही नाही. मी फक्त नावं बसवतो.”

आजोबा उठले. दोन्ही गुडघे वाजले. त्यांनी पहिले अक्षर बोटाच्या टोकावर घेतले आणि तळ्याच्या वर, उत्तरेच्या खिंडीपाशी टेकवले. “इथं एक घर आहे. त्यांची काळी गाय माझ्या हातून व्याली.” दुसरे अक्षर त्यांनी पूर्वेच्या उतारावर ठेवले. “इथं तीन भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत, पण बैल सामाईक आहे.” तिसरे अक्षर नदीकाठाने इतके दूर गेले की चौकटीच्या कडेला लागले.

“आजोबा, अक्षरं एवढी लांब गेली की वाचता येत नाहीत,” नावाडी हळूच म्हणाले. “मधे नजर तुटते.”

“तुटू दे. आम्हालाही एकमेकांना गाठायला दोन दिवस लागायचे.”

चौथे अक्षर हातात धरून ते थांबले. नकाशा संपला होता. पलीकडे टेबलाचे लाकूड होते.

“इकडं माझ्या मावशीचं घर,” ते म्हणाले आणि चौथे अक्षर त्यांनी टेबलावर, साखरेच्या भांड्याशेजारी ठेवले.

“दादा, ते काय मुलुखात येतंय का?” आत्याबाईंनी विचारले.

“मुलुखात नाही. आमच्यात येतं.”

“मग असं असेल तर माझं तळंही नदीतनं इथवर वाहत आलंय.”

“आणि वीजही तिकडूनच येते,” मुलाच्या वडिलांनी जोड दिली.

आता तिघांचाही आवाज चढला नव्हता. उलट तो लहान मुलांच्या खेळातल्यासारखा खाली, खासगी झाला होता. कोणत्या वळणावर होडी उलटली, कोणता खांब कोणत्या लग्नाच्या आदल्या दिवशी बसवला, कोणाचा बैल कोणाच्या विहिरीत पडला, याचा तास दीड तास हिशेब चालला. चहा आला आणि तसाच निवला. नावाड्यांच्या बायकोने दोनदा मुलांच्या लग्नाचा विषय काढून पाहिला, दोन्ही वेळा आत्याबाई म्हणाल्या, “हात जरा बाजूला घ्या हं, तुम्ही घाटावर ठेवलाय.” शेवटी लेकीने स्वतःच उठून कप आवरले, टेबल पुसायला घेतले, तेव्हा आजोबा “पुसू नकोस, पुसू नकोस” म्हणाले. त्या दुपारी तिच्याशी ते एवढेच बोलले.

निघताना तिघांनी दारापर्यंत येऊन निरोप दिला. पण तिघांचेही लक्ष मागे टेबलावर होते. लग्नाबद्दल अवाक्षर नाही.

परतीच्या बसमध्ये नावाडी रिकामे हात मांडीवर ठेवून बसले. नाव जागेवर बसवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने लेकीचे जमत आलेले स्थळच हलवून ठेवले, असे काहीसे त्यांच्या मनात चालले होते. बाहेर शेते, भिंती, झाडे मागे पळत होती आणि कशालाच नाव नव्हते.

“गोंद लावला असता तर,” ते म्हणाले.

“तर आपण अर्ध्या तासात परत आलो असतो,” बायको म्हणाली. “आता दोन तासांनी आलो. एवढाच फरक.”

लेक खिडकीला डोके टेकवून बसली होती.

घरी येऊन दिवे लावतात न लावतात तोच फोन वाजला. नावाड्यांनी घेतला. पलीकडे आजोबा होते, आणि त्यांच्या मागे आत्याबाई कोणाला तरी सोफ्याखाली नीट बघायला सांगत होत्या.

“आमची चारच अक्षरं भरतात,” आजोबा म्हणाले. “पाचवं सापडत नाही. मी ते भांड्याच्या पलीकडे ठेवलं होतं. सगळी बैठक पालथी घातली. तुमच्याबरोबर तर आलं नाही?”

नावाड्यांनी खिसे पाहिले. पात्याचे कव्हर पाहिले. बायकोने पिशवी झटकली. मग तिची नजर लेकीच्या कोपरावर गेली. बाहीच्या मागच्या बाजूला, तिला स्वतःला कधीच दिसले नसते अशा जागी, करडे अक्षर घट्ट बसले होते, सरळ, मान वर करून.

“सापडलं,” नावाडी फोनमध्ये म्हणाले. “मुलीच्या बाहीला आहे. टेबल पुसताना लागलं असणार. माफ करा. मी उद्या सकाळीच आणून देतो.”

पलीकडून फोनवर हात ठेवल्याचा आवाज, आणि हातामागे बोलणे, बराच वेळ. एकदा आत्याबाईंचा स्वर स्पष्ट आला, “अरे, मग विचारायचं काय त्यात?” नावाड्यांनी फोन कानाला इतका दाबला की कान दुखू लागला. लेक अर्धवट वळून, कोपर वर धरून तशीच उभी होती, हलले तर काहीतरी सांडेल अशी.

“ऐकताय ना,” आजोबा परत आले. “ते काढू नका तिथून. तिघांचंही म्हणणं एकच पडलं आहे. हे या घरात कधी घडलं नव्हतं, म्हणून जरा वेळ लागला. आमची माणसं तिथवर आली असं आम्ही धरून चालतो. मुलीला विचारा, तिची हरकत आहे का?”

नावाड्यांनी लेकीला विचारले. तिने मान हलवली. मग ते हलणे हो आहे की नाही हे फोनवर दिसत नाही, हे ध्यानात येऊन ती “नाही, काही हरकत नाही,” असे इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या घरात कोणीतरी दार उघडले.

“पण नकाशा अपुरा राहील, आजोबा,” नावाडी म्हणाले. एवढ्या आनंदातही धंद्याची सवय सुटत नव्हती. “चारच अक्षरं. बाहेरच्या माणसाला वाचताच येणार नाही.”

“तो प्रश्न मिटला,” आजोबा म्हणाले. “उरलेलं वाचायला तीच येणार आहे ना आता. आणि हो, एक विचारायचं राहिलं. तुमचं मूळ गाव कुठलं? त्याचाही एक तक्ता आणा येताना. आत्याबाई म्हणताहेत, भिंत रिकामी आहे.”

नावाड्यांनी फोन खाली ठेवला. लेक आईच्या खांद्यावर डोके ठेवून हसत होती, अगदी पूर्ण. त्यांनी टेबलाचा खण उघडला, कोरा कागद काढला आणि त्यावर उत्तरेचा बाण काढला. मग त्यांनी नावासाठी एक पट्टी कापून घेतली.

“अगं,” ते बायकोला म्हणाले, “आपलं गाव माझ्या वडिलांचं धरायचं, की तुझ्या?”

बायकोने लेकीच्या पाठीवरचा हात काढला आणि ती टेबलापाशी येऊन बसली.

“धरायचं म्हणजे?” ती शांतपणे म्हणाली.